स्पेनची लाईट उन्हामुळे गेली नाही

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: 'स्पेन सौरऊर्जेच्या नादी लागला आणि अंधारात गेला. अणुभट्ट्या असत्या तर वाचला असता. म्हणून तर प्रगत देश पुन्हा कोळशाकडे वळताहेत.' तीन वाक्यं आहेत. पहिल्यात थोडं तथ्य आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

सौरऊर्जेने घात केला? त्या दुपारी ऊन भरपूर होतं. निम्म्याहून जास्त वीज सौर होती आणि स्पेन शेजाऱ्यांना वीज विकत होता. तुटवडा नव्हताच, चढलं ते व्होल्टेज. त्याआधीच्या अर्ध्या तासात ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, दोनदा हेलकावे आले. ते शमवायला जादा लाइन जोडल्या, फ्रान्सकडे जाणारी वीज कमी केली. हेलकावे थांबले, पण लाइनवर भार कमी असला की व्होल्टेज वर जातं, तसं ते गेलं. मग दक्षिणेकडचे प्रकल्प ट्रिप होऊ लागले, म्हणजे आपोआप ग्रीडवरून सुटू लागले. ते जी रिॲक्टिव्ह पॉवर (लाइनमध्ये नुसती ये-जा करणारी, साचली की व्होल्टेज चढवणारी वीज) शोषत होते ती शोषायला कोणी उरलं नाही, व्होल्टेज आणखी चढलं, पुढचे ट्रिप झाले. काही सेकंदांत खेळ आटोपला.

व्होल्टेज आवरायचं काम होतं गॅस, अणू वगैरे पारंपरिक संयंत्रांचं. जूनमधल्या सरकारी अहवालानुसार त्या दिवसासाठी अशी दहाच संयंत्रं नेमली होती, त्या वर्षातली तोवरची सर्वात कमी. त्यातल्या एकाने आदल्या संध्याकाळी आपण उपलब्ध नसल्याचं कळवलं. त्याच्या जागी दुसरं घेतलंच नाही. हजर असलेल्यांपैकी काहींनी नियमाप्रमाणे शोषायला हवी तेवढी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली नाही. ग्रीड चालवणारी रेड इलेक्ट्रिका म्हणते दोष वीज कंपन्यांचा, कंपन्या म्हणतात रेड इलेक्ट्रिकाचा. (हे भांडण आपल्याला अगदी ओळखीचं वाटावं.)

आता तथ्याचा भाग. सौर आणि पवन प्रकल्पांनी व्होल्टेज सावरायला मदत केली नाही, हे खरं. काही तर व्होल्टेजची मर्यादा ओलांडली जाण्याआधीच बाहेर पडले. पण त्यांना ठरावीक पॉवर फॅक्टरवरच, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचं प्रमाण ठरलेलं ठेवूनच, चालायचं बंधन होतं. त्यांच्या इन्व्हर्टरला (प्रकल्पातली वीज ग्रीडला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राला) व्होल्टेज सांभाळणं जमतं. स्पेनच्या नियमांत त्यांना ते कामच दिलेलं नव्हतं. जून २०२५ मध्ये, म्हणजे लाईट जाऊन आल्यावर, तिथल्या नियामकाने त्यांना ते काम करू देणारा नवा नियम मंजूर केला.

जरा अभ्यासू मंडळी 'जडत्व कमी पडलं' म्हणतात. फिरत्या जड यंत्रांच्या या जडत्वामुळे फ्रिक्वेन्सीची (विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची) घसरण मंदावते, बरोबर. पण इथे बिघाड व्होल्टेजचा होता. जादा जडत्वाने कोसळणं फार तर थोडं लांबलं असतं.

अणुभट्ट्यांचं उत्तर छोटं आहे. स्पेनमध्ये सात आहेत आणि त्या क्षणी चार ग्रीडवर होत्या. चारही बंद पडल्या आणि डिझेल जनरेटरवर स्वतःला सांभाळत बसल्या. ग्रीड पुन्हा उभी राहिली ती जलविद्युत केंद्रांच्या आणि फ्रान्स, मोरोक्कोकडून आलेल्या विजेच्या जोरावर. आणि जुलै २०१२ मध्ये आपल्याकडे ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली, तेव्हा ग्रीडवर सौरऊर्जा नावापुरतीच होती.

राहिला कोळसा. ब्रिटनने १८८२ पासून कोळशावर वीज केली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचं केंद्र बंद केलं. याच घटनेत अंधारात गेलेल्या पोर्तुगालने २०२१ मध्येच कोळशाची वीज थांबवली होती. स्पेनने त्यानंतर वाढवला तो गॅस: व्होल्टेज धरून ठेवायला जास्त गॅस संयंत्रं चालू ठेवली जातात आणि त्याचा खर्च ग्राहकांच्या बिलात चढतो. मजकूर लिहिणाऱ्याने त्या खर्चाबद्दल तक्रार केली असती, तर मीही तो पुढे पाठवला असता.