यादी फायनल आहे, फक्त एक नजर टाका

"यादी तयारच आहे हो, तुम्ही फक्त एक नजर टाका," असं सेक्रेटरीकाका म्हणाले, की मी घरात सांगून टाकतो: पुढचे तीन रविवार मला धरू नका. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो नाहीतर सोसायटीची सभा, फाइलचं नाव ठरलेलं असतं: ‘यादी फायनल नवी २ खरी’. आत १२०० ओळी. काही जुन्या स्मरणिकेतून उचललेल्या, काही ऑनलाइन फॉर्ममधून आलेल्या, आणि उरलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघून एका हातात चहाचा कप धरून टाइप केलेल्या.

नजर टाकण्याचीही एक रीत असते. आलेल्या फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची, पहिल्या शीटला ‘मूळ’ नाव देऊन कुलूप घालायचं, आणि दुसरं काहीही करण्याआधी प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्यायचा. पुढे काय वाटेल तो घोळ झाला तरी या अनुक्रमांकावर क्रम लावला की माणसं आपापल्या जागी परत जातात. आणि दुरुस्ती करायची ती शेजारच्या नव्या रकान्यात, जुन्यावर नाही.

हे शिकायला पुणेकराला परदेशी अभ्यासक्रमाची गरज नाही. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि १९६६ मध्ये पुरं केलं. १२५९ हस्तलिखितं पडताळली. पण वर संहिता छापताना, जे पाठ (म्हणजे पोथ्यापोथ्यांतले वेगवेगळे शब्द) तिच्यात घेतले नाहीत तेही खाली तळटीपेत जपून ठेवले. कुठल्या पोथीत काय आहे ते आजही बघता येतं. विदा, म्हणजे डेटा, स्वच्छ करणं म्हणतात ते हे. त्यांना ४७ वर्षं मिळाली, आणि त्या काळात रोज संध्याकाळी ‘झालं का?’ असा मेसेज येत नव्हता.

पहिली तपासणी अगदी फुकट होते. सगळे रकाने रुंद करायचे आणि खुर्चीत मागे रेलून बघायचं. एक्सेल मजकूर डावीकडे चिकटवतं आणि संख्या उजवीकडे. तारखांचा रकाना अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे दिसला, की कपाळावर हात मारायला हरकत नाही. ज्या संगणकावर ही यादी टाइप झाली तो अमेरिकी पद्धतीवर, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, असा लावलेला होता. तुम्ही ०३/०४ लिहिलंत, त्याने निमूटपणे ४ मार्च करून उजवीकडे ठेवलं. २५/०४ लिहिलंत, तर पंचविसावा महिना त्याला सापडेना, म्हणून तो मजकूर समजून डावीकडे टाकला. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत जन्मलेले लोक चुकले आणि बाकीचे नुसतेच रुसून बसले. यात चुकलेले जास्त वाईट, कारण ते दिसायला बरोबर असतात.

आता यात महाराष्ट्राची म्हणून एक खास सोय आहे: १ जून. एके काळी मुलाला शाळेत घालायला नेलं, जन्मतारीख विचारली, आणि आईने "त्या वर्षी मोठा पूर आला होता" असं उत्तर दिलं, की गुरुजी वर्षाचा अंदाज बांधून पुढे १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये भरायची, वय नेमकं बसायचं, हिशेब सोपा. परिणामी एका पिढीचा मोठा हिस्सा एकाच दिवशी जन्माला आला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून श्रीफळ आणि शाल यांचा तुटवडा पडतो. गुरुजींची एक सोय. तिच्यावर पेन्शनचा हिशेब उभा राहिला आणि वयाचे आलेखही.

पण माझ्यासारख्याला हा १ जून म्हणजे मीटरच. ०१/०६ उलटं वाचलं तर होतं ६ जानेवारी. जुन्या बॅचच्या यादीत ६ जानेवारीला जन्मलेल्यांची गर्दी दिसली, की दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली हे समजावं. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघालं हे खरं, १८३२ मध्ये. पण त्यामुळे एवढी मुलं जन्मत नाहीत.

सोयीचा आकडा सांगण्याच्या या रोगाला लोकसंख्याशास्त्रात रीतसर मोजमाप आहे. वय विचारलं की माणसं शून्य आणि पाच यांवर संपणारे आकडे सांगतात: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. व्हिपल निर्देशांक २३ ते ६२ वयाच्या लोकांत हा कल किती आहे ते मोजतो. १०० आला तर कल नाही. ५०० आला तर एकूण एक माणूस गोल आकडा सांगतोय. मेळाव्याच्या यादीला तो लावू नये. लावला तर काकांना सांगू नये.

तारखांवर औषध साधं आहे. फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर, असेल तर ती डबल क्लिकने उघडायची नाही. रिकामं वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमधून ती आत आणायची, आणि आणताना तारखेचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवायचा. मग दिवस, महिना, वर्ष वेगळं करून २०२४-०६-०१ असं वर्ष आधी लिहायचं. त्याचा उलटा अर्थ लावायला कोणी धजत नाही. वर्ष चार आकडीच हवं. ‘२८’ एवढंच लिहिलं, तर बऱ्याच संगणकांवर सीमा २९ ला असते (तिथपर्यंतच्या आकड्याआधी २० लागतं, पुढच्याआधी १९), आणि शाळेच्या सर्वांत ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याचा जन्म २०२८ मध्ये व्हायचा असतो. तारखेच्या जागी ४५००० असलं काही दिसलं तर घाबरू नये. तो १९०० पासून मोजलेला दिवस आहे: १५ मार्च २०२३. सेलचा फॉरमॅट बदलला की तारीख परत येते.

फोन नंबरांचं दुःख वेगळं. पुण्याचा एसटीडी कोड ०२०. एक्सेलच्या तक्त्याच्या मते संख्येच्या आधीचं शून्य म्हणजे कचरा, तो पुसून टाकतो आणि उरतो २०. मोबाइलच्या आधी ९१ लावलं तर नंबर बारा आकडी होतो आणि सेलमध्ये ९.१९ई+११ असं काहीतरी दिसतं. नुसतं दिसतं तोवर ठीक. सेलचा फॉरमॅट संख्येचा केला की आकडे परत येतात. पण तसंच सीएसव्ही म्हणून सेव्ह केलंत तर जे दिसतं तेच लिहिलं जातं, आणि मागचे आकडे कायमचे गेले. सोळा आकडी खाते क्रमांकाची तर आणखी गंमत: एक्सेल पंधरा आकडेच नेमके धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवून देतं. खातं दुसऱ्याचं झालं तरी दिसायला व्यवस्थित सोळा आकडी. तेव्हा नियम असा, की ज्याची बेरीज करायची नाही ती संख्या नव्हेच. फोन, पिनकोड, खाते क्रमांक, हजेरी क्रमांक हे सगळे टाइप करण्याआधी ‘टेक्स्ट’. आधी. नंतर टेक्स्ट केल्याने गेलेलं शून्य परत येत नाही.

न विचारता मदत करण्याच्या या सवयीने मोठमोठ्यांना नमवलं आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘सेप्ट १’, ‘मार्च १’ अशा धर्तीची होती. शास्त्रज्ञांनी याद्या तक्त्यात टाकल्या, तक्त्याने त्यांच्या तारखा केल्या. २०१६ च्या एका पाहणीत अशा जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. बारसं माणसाच्या जनुकाचं, आत्याबाई एक्सेल! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात १० लाखांवर मावतात. फाइलच्या नावाच्या शेवटी एक अक्षर जास्त, एवढाच काय तो फरक.

आता नावं. ‘अ. ब. जोशी’, ‘जोशी अ. ब.’ आणि ‘बंडू जोशी, ७८ बॅच’ ही तीन माणसं की एक? दोन ओळी एक करताना माझी अट अशी, की नावाशिवाय आणखी दोन खुणा जुळल्या पाहिजेत. आता खुणा बघा. जन्मतारीख: १ जून. फोन: घरची लँडलाइन, म्हणजे दोघे भाऊ, त्यांचे वडील आणि खालच्या मजल्यावरचे भाडेकरू या सगळ्यांची. अशा वेळी दोन्ही ओळी ठेवाव्यात. एकाच जोशींना दोन पत्रिका गेल्या तर ते फार तर हसतील. दोन जोशींची एक ओळ केलीत तर वगळलेले जोशी पुढच्या मेळाव्यापर्यंत ते विसरणार नाहीत.

पुन्हा ७८ म्हणजे काय? १९७८ मध्ये दहावी झाले, की पाचवीत आले? रकान्यावर नुसतं ‘वर्ष’ लिहिलेलं असतं. आपल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या पावसाच्या नोंदींची किंमत अशाच जागी कळते. रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा असतो, हे ठरलेलं आहे. रविवारी संध्याकाळी झोडपून काढलेला पाऊस सोमवारच्या नावावर दिसला तरी गोंधळ होत नाही, कारण व्याख्या पक्की आहे. आमच्याकडे व्याख्या फोन करून विचारावी लागते, आणि उत्तर येतं, "दोन्ही धरा."

नावं देवनागरीत असली की पुढचा अध्याय सुरू होतो. यादीत एक वकीलसाहेब दोनदा आले. दोन्हीकडे ‘ॲड.’ तसंच, आडनाव तसंच. तरी संगणक दोघांना एक मानेना. कारण डोळ्यांना दिसत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सर्वमान्य अक्षरयादीत, ‘ॲ’ हे २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे, आणि काही कीबोर्ड मात्र ‘अ’वर चंद्र ठेवून तेच चित्र उभं करतात. ‘लेन’ हे सूत्र लावून लांबी मोजली तर एकीकडे एक जास्त येतो. ‘शोधा आणि बदला’ करून सगळीकडे एकच रूप करावं लागतं. दुसरा छुपा पाहुणा म्हणजे वेबपानावरून चिकटवताना येणारी न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक १६०. जादा मोकळ्या जागा काढणारं ‘ट्रिम’ हे सूत्र तिला हात लावत नाही. आधी ‘सबस्टिट्यूट’ने तिची साधी जागा करायची, मग ‘ट्रिम’.

स्मरणिकेतून आलेली नावं तर जुन्या डीटीपी फॉन्टमधली. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी चित्रं बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर जोशींच्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण तिथे ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. ही अदलाबदल नीट नाही झाली की वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाते. रूपांतरानंतर ‘विनायक’, ‘किशोर’, ‘दीक्षित’ ही नावं शोधून बघावीत. तिसऱ्यात जोडाक्षरावर वेलांटी आहे. तो पास झाला तर बाकीचे बहुधा होतात.

पत्त्यांबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण रक्तदाब वाढतो. ४११०३० या एका पिनकोडात सदाशिव, नारायण आणि शनिवार अशा तीन पेठांचे पत्ते आहेत, तेव्हा पिनवरून पेठ काढता येत नाही. ‘मारुतीजवळ’ एवढं लिहून भागत नाही. पत्र्या, जिलब्या, डुल्या, भिकारदास, यांतला कुठला? आणि ‘पूर्वीच्या टॉकीजसमोर’ हा पत्ता ज्या माणसाला कळतो त्याला पत्रिका पाठवायची गरज नसते, तो शेजारीच राहतो.

हे फक्त मेळाव्यापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण फोन मराठी ऐकतो, पुढचा शब्द सुचवतो, भाषांतर करतो, ते सगळं अशाच कुणीतरी गोळा केलेल्या मजकुरावर शिकून. २०२२ मध्ये संशोधकांनी निरनिराळ्या भाषांचे, यंत्राने जमवलेले २०५ मजकूरसंच हाताने तपासले. किमान १५ संचांत वापरण्याजोगा मजकूरच नव्हता. वर भाषेचं नाव, आत भलतंच. तिथेही कुणी तरी म्हणालं असेल, तयारच आहे, फक्त एक नजर टाका.

तर यादी झाली. तारखा सरळ, शून्यं जागेवर, वकीलसाहेब एक, जोशी दोन. रविवारी रात्री फाइल काकांना पाठवली. सोमवारी सकाळी उत्तर आलं: "फारच सुरेख! फक्त नावं आगेमागे होती, ती मी अ-आ-इ-ई प्रमाणे लावून घेतली. ते अनुक्रमांक अडचण करत होते, काढून टाकले. प्रेसला दिली आहे."

उघडून बघितलं. सगळे रकाने अगदी शिस्तीत होते. नावं अ पासून ज्ञ पर्यंत, आणि फोन, पत्ते, जन्मतारखा रविवारी रात्री होत्या तिथेच. फक्त नावांचा रकाना निवडून क्रम लावला होता. संगणकाने रीतीप्रमाणे विचारलं असणार, शेजारच्या रकान्यांनाही बरोबर हलवू का? काका म्हणाले असणार, नको, त्यांना कशाला उगाच त्रास.