जनरेटर घेऊन बादल्याच उचलल्या की बे!

परवा रात्री अडीचला नळ आला. पाचव्या दिवशी आला. आणि अडीच वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. पुढचं सोलापूरकराला सांगायला नको. आमचा हौद छोटा, त्यामुळं नळ चालू आहे तोवर मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची आणि खाली हौद परत भरून घ्यायचा, नाहीतर पुढचे चार-पाच दिवस भांडी घासायला पण मोजून पाणी. पण यावेळी मी एकदम निवांत होतो, कारण गेटजवळ नवाकोरा जनरेटर, पन्नास हजाराच्या वर मोजलेत, ते पण फक्त ह्याच एका कामासाठी.

दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला चालू. एक्स्टेन्शन बोर्ड लावला, बल्ब लागला, टेबल फॅन फिरला, आई म्हणाली बरं केलास बाबा घेतलास. मग मोटर लावली. मोटर नुसती हूंऽऽऽ. जनरेटरचा जीव घुसमटला, बल्ब मिणमिणला आणि सगळं गप्प. परत दोरी, परत हूंऽऽऽ, परत गप्प. चौथ्यांदा मोटरीतनं जळका वास यायला लागला तेव्हा सोडलं आणि मी, बायको आणि दहावीतला पोरगा, हौदापासून गच्चीपर्यंत बादल्या. पहाटे पावणेपाचपर्यंत. शेजारचे काका खिडकीतनं बघत होते, काय हो, जनरेटर घेतला ना तुम्ही? घेतला की काका, घेतला.

आता माझा राग कुणावर आहे ते ऐका. दुकानात गेलो तेव्हा पहिलंच वाक्य मी हे बोललो की मला १ एचपीची पाण्याची मोटर चालवायचीये, बाकी पंखा-लाईटला इन्व्हर्टर हाय आमच्याकडं. दुकानदार म्हणाला, "अहो मालक, अख्खं घर चालतंय ह्याच्यावर, मोटरचं काय घेऊन बसलाय!" खोक्यावर मोठ्या अक्षरात २.२ केव्हीए, केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप. आत मशीनच्या प्लेटवर बारीक अक्षरात रेटेड २.० केव्हीए. म्हणजे २.२ हे थोडा वेळ ताण देऊन मिळणारं, आणि सलग चालवायला २.०. त्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरा कामाला येणारा हिस्सा, ०.८ धरला की हातात राहिले १६०० वॅट. मी शाळेतलं आठवलं, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हटलं दुप्पट हाय की, आरामात चालेल. इथंच फसलो. एक तर ७४६ हे मोटर जेवढं काम देते तेवढं, ओढताना ती हजार-अकराशे वॅट ओढते. आणि खरी मेख सुरू होतानाची. थांबलेली मोटर उठताना पहिले काही क्षण पाच-सहा पट करंट मागते. एमएसईबीच्या लाईनवर आपल्याला ते कळत पण नाही, जरा बल्ब डुलतो, संपलं. पण एवढासा जनरेटर तेवढं देणार कुठनं? त्याचं व्होल्टेज पडतं, व्होल्टेज अर्ध्यावर आलं की मोटरचा जोर पाव राहतो, मग ती फिरत नाही, नुसती गुरगुरत तापत बसते. म्हणून मोटरच्या तिप्पट तरी जनरेटर धरायचा, १ एचपीला ३ केव्हीएच्या पुढचा. एवढी एक ओळ त्या माणसाला बोलता येत नव्हती? दिवसाला असे किती विकत असेल तो. सकाळी फोन केला तर म्हणतोय, "पेट्रोल टाकलं ना, आता परत घेता येत नाही." अरे पेट्रोल न टाकता काय त्याची पूजा करायची होती का?

आणि वायरमन! त्याच्यावर तर वेगळाच राग हाय. घेतल्या दिवशीच त्याला बोलावलं की बाबा हे घराला नीट जोडून दे. तर हा गडी काय म्हणतो, "चेंजओव्हर स्विच कशाला बसवताय लाईन-जनरेटर बदलायला, अडीच हजार जातील उगीच. दोन्ही टोकाला थ्री पिन लावलेली वायर करून देतो, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं तुमच्या घरातल्या सॉकेटमध्ये, मेन तेवढा खाली करायचा, झालं." झालं? अर्ध्या झोपेत रात्री अडीचला मेन खाली करायचा विसरला की जनरेटरचा करंट मीटरमधनं उलटा पोलवर. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचं कमी करून आपल्याला देतो, तोच उलट्या बाजूनं दिलं की वाढवून पण देतो. आणि पोलवर कोण चढलेला असतो अशावेळी? आपलीच लाईट दुरुस्त करायला आलेला लाईनमन, लाईन बंद हाय समजून. ते नाही झालं तरी त्या वायरचं एक टोक निसटलं की उघड्या पिनांवर २३० व्होल्ट, हातात. आणि मेन चालू असताना लाईट परत आली तर जनरेटरचाच निकाल. मी नको म्हटलं तर माझ्याकडंच असं बघतोय जणू मीच येडा. "आम्ही सगळीकडं असंच करतो साहेब." सगळीकडं करताय ह्याचीच तर भीती वाटायला लागलीये. टू पोल चेंजओव्हर म्हणजे काय मोठं यंत्र नाही, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला, दोन्ही एकदम कधीच नाही, एवढंच ते करतं.

वर जाताजाता सल्ला, जिन्याखाली ठेवा म्हणजे चोरी पण नाही आणि आवाज पण नाही. जिन्याखाली! आई तिथंच बाजूच्या खोलीत झोपते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, माणूस झोपेतच जातो. "खिडकी उघडी ठेवा की मग." खिडकीनं भागत नाही रे बाबा, मशीन उघड्यावर आणि दारं-खिडक्यांपासनं लांबच लागतं.

शंभरेक किलोमीटरवरनं उजनीचं पाणी पाईपातनं सोलापूरपर्यंत येतंय, आणि माझ्या हौदातनं गच्चीपर्यंत वीस फूट ते चढेना. आता जनरेटर बदलायला पैसे नाहीत, मोटरच बदलतो म्हणतोय, अर्धा एचपीची. टाकी भरायला वेळ लागेल, लागू दे. बायको म्हणते आधी ती मोटर दुकानात जनरेटरवर चालवून बघा मग घ्या, आणि ह्यावेळी तिचं ऐकणार हाय. कुणाकडं जुनी चालू मोटर असेल तर सांगा. चेंजओव्हर बसवणारा चांगला वायरमन माहीत असेल तर तो पण सांगा, फक्त दोन्ही टोकाला पिन लावतो म्हणणारा नको, तसा एक हाय आमच्याकडं.