नायकाचे घुटमळणे

नायकाचा खलनायक नेमका केव्हा झाला, असे विचारले की बहुतेक जण त्याच्या सर्वांत मोठ्या गुन्ह्याकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. त्याने काय केले यापेक्षा ते करण्यापूर्वी तो किती घुटमळला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. (‘ब्रेकिंग बॅड’ ज्यांनी अजून पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे सगळेच उघड केले आहे.)

२००८ ते २०१३ या काळात आलेल्या या मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइट हा अमली पदार्थ बनवण्याच्या धंद्यात उतरलेला रसायनशास्त्राचा शिक्षक. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात त्याने एका गुन्हेगाराला तळघरात जखडून ठेवले आहे आणि त्याला मारावे की सोडावे, याची तो कागदावर चक्क दोन रकाने पाडून यादी करतो. त्या कैद्याला तो कडा कापलेले सँडविच नेऊन देतो, त्याच्याशी गप्पा मारतो आणि अखेर सोडून द्यायचे ठरवून किल्ली आणायला वर जातो. तिथे कचऱ्याच्या डब्यातले फुटक्या बशीचे तुकडे सहज जुळवून पाहताना त्यातला एक अणकुचीदार तुकडा गायब असल्याचे त्याच्या लक्षात येते. मग तो त्या माणसाला मारतो खरा, पण मारतानाही माफी मागत राहतो.

दुसऱ्या सीझनमध्ये बेशुद्धावस्थेत उलटीने गुदमरणाऱ्या जेनला, म्हणजे त्याच्या साथीदाराच्या प्रेयसीला, नुसते कुशीवर वळवले असते तरी ती वाचली असती, परंतु वॉल्टर एक पाऊल पुढे टाकतो, थांबतो आणि पाहत राहतो. डोळ्यांत पाणी येते, यादी मात्र होत नाही. पाचव्या सीझनमध्ये तर तो धंद्यातला भागीदार माइक याला निव्वळ रागाच्या भरात गोळी घालतो आणि त्याच्याकडून हवी असलेली त्याच्या तुरुंगातल्या माणसांची नावे दुसरीकडूनही मिळाली असती, हे त्याला नंतर सुचते.

शेक्सपियरच्या मॅकबेथचा उतारही असाच आहे. राजा डंकनला मारण्यापूर्वी तो बेत रद्द करण्यापर्यंत येतो, त्याला हवेत खंजीर दिसतो. मित्र बँकोच्या वेळी तो मारेकरी नेमतो आणि पत्नीला अंधारात ठेवतो. विरोधात गेलेला सरदार मॅकडफ पळाल्याचे कळताच त्याच्या बायकामुलांना मारण्याचा निर्णय घ्यायला मात्र त्याला क्षणभरही लागत नाही.

म्हणूनच ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतल्या, ड्रॅगन बाळगणाऱ्या राणी डेनेरिसचा २०१९ मधला शेवट मला घाईचा वाटतो. तिच्या क्रौर्याची बीजे आधीच पेरलेली होती, हे मान्य. पण शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतरही शहर जाळण्यापर्यंत तिचे मन कसे पोहोचले, याच्या मधल्या पायऱ्या अवघ्या सहा भागांच्या त्या सीझनमध्ये गाळल्या गेल्या.

यात आपली बाजूही फारशी स्वच्छ नाही. वॉल्टरला जाब विचारणाऱ्या त्याच्या पत्नीचाच प्रेक्षकांनी इतका द्वेष केला, की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३ मध्ये त्याविषयी वृत्तपत्रात लेख लिहिला. तो वाचताना मला जेनचा प्रसंग आठवला. ती वॉल्टरकडे पैशांसाठी तगादा लावत होती, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना तिच्या मृत्यूनंतर मला चक्क सुटल्यासारखे वाटले होते. रकाने मीही पाडले नव्हते.