मायकल ब्रुनो आणि इस्रायलची महागाई: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इस्रायली अर्थतज्ज्ञ मायकल ब्रुनो यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९८५ साली इस्रायलची महागाई आटोक्यात आली ती अमेरिकेच्या दीड अब्ज डॉलरच्या जादा मदतीमुळे आणि तेव्हाचे पंतप्रधान शिमॉन पेरेस यांच्या राजकीय हिमतीमुळे, ब्रुनोंसारख्या जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला श्रेय देणं हा भाबडेपणा आहे. शिवाय या सगळ्याची किंमत कामगारांनी मोजली. दक्षिण इस्रायलमधल्या दिमोनाच्या कापड गिरणीत काम करणाऱ्या तुमच्या आत्याच्या पगाराला तेव्हा कात्री लागली.

आधी डॉलरचं बोलू. जादा मदत मिळाली, हे खरंच. पण अमेरिकेची मोठी मदत त्याआधीही दर वर्षी येतच होती आणि महागाई चढतच होती. १९८४ साली तिचा वर्षाचा दर ४४५ टक्क्यांच्या आसपास पोचला. नुसत्या पैशानं ती थांबणार असती तर कधीच थांबली असती. जादा मदतीमागे अमेरिकेचा आग्रहच होता की आधी घर सावरा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी स्टॅन्ली फिशर आणि हर्बर्ट स्टाइन या अर्थतज्ज्ञांना या कामात घातलं होतं. त्या डॉलरनी परकीय चलनाच्या गंगाजळीला आधार दिला, योजनेवर लोकांचा विश्वास बसायला मदत केली. योजनेची जागा मात्र त्यांनी घेतली नाही.

हिमतीचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच ब्रुनोंचं काम दिसतं. हिंमत त्याआधीच्या लोकांनीही दाखवली होती. अर्थमंत्री यिगाल हुर्विट्झ यांनी सरकारी खर्चावर कुऱ्हाड चालवायचा प्रयत्न केला. महागाई हटली नाही. त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री योराम आरिदोर यांनी डॉलरचा भाव हळूहळू चढू देऊन किमतींना लगाम घालायचं ठरवलं. १९८३च्या ऑक्टोबरात त्यांना पायउतार व्हावं लागलं. खुद्द पेरेस यांच्याच सरकारनं नोव्हेंबर १९८४मध्ये मालक आणि कामगार संघटनांशी करार करून भाव गोठवले. काही महिन्यांत तेही फसलं, कारण अंदाजपत्रकातली तूट होती तिथेच राहिली.

इस्रायलमध्ये पगार, बचतीवरचं व्याज, कर्जं, घरभाडी असं जवळजवळ सगळंच किमतींच्या निर्देशांकाला किंवा डॉलरला बांधलेलं होतं. आपल्याकडे महागाई भत्ता असतो, तसाच तिथेही होता. त्याची व्याप्ती मात्र फार मोठी होती. गेल्या महिन्याची दरवाढ या महिन्याच्या पगारात येई आणि पुढच्या महिन्याच्या किमतीत उतरे. त्यामुळे नुसती तूट कमी केली तर बेकारी वाढते आणि महागाई आपल्याच गतीनं चालत राहते. नुसते भाव गोठवले तर आतला दाब वाढत जाऊन एक दिवस सगळं फुटतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच झटक्यात करायला हवं, हा ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष होता.

योजना आखणाऱ्या लहानशा गटात अर्थ मंत्रालयाचे इमॅन्युएल शेरॉन होते, तेल अवीव विद्यापीठाचे प्राध्यापक एतान बर्गलास होते, आणि ब्रुनो होते. मंत्रिमंडळाची बैठक रात्रभर चालली आणि १ जुलै १९८५च्या सकाळी योजना मंजूर झाली: अनुदानं आणि खर्चात मोठी कपात, शेकेल या इस्रायली चलनाचं अवमूल्यन करून डॉलरचा भाव १५०० शेकेलच्या आसपास स्थिर, किमती गोठवलेल्या, पगारवाढ रोखलेली. सरकारला नोटा छापून पैसे पुरवायला बँक ऑफ इस्रायल या मध्यवर्ती बँकेला कायद्यानं मनाई झाली. १९८६ साली महागाई २० टक्क्यांच्या घरात आली. त्याच सुमाराला अर्जेंटिना आणि ब्राझीलनंही भाव गोठवले होते. तूट आवरली नाही, आणि दोन्हीकडे महागाई दुप्पट जोरानं परतली. राजकीय हिंमत तिथेही कमी नव्हती.

हे शहाणपण ब्रुनोंना एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. १९३२ साली हॅम्बुर्गमध्ये जन्म, पुढच्याच वर्षी नाझींची सत्ता आल्यावर कुटुंब पॅलेस्टाइनमध्ये आलं. केंब्रिजला शिक्षण, स्टॅनफर्डमधून १९६२ साली डॉक्टरेट. तरुणपणीच त्यांनी इस्रायलच्या कुठल्या उद्योगाला कुठल्या उद्योगाचा किती माल लागतो, एक डॉलर कमवायला देशातली किती साधनं खर्ची पडतात, याची बारीक मांडणी केली. पुढे अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्याबरोबर त्यांनी तेलाच्या किमती एकदम भडकल्यानंतरची मंदी आणि महागाई एकत्र का आली याचा अभ्यास केला, आणि त्यात वेतनाचा प्रश्न मध्यभागी होता. कामगार त्यांच्या विचारात नव्हताच, असं तुम्ही सुचवता, ते मला मान्य नाही.

आता तुमच्या आत्याबद्दल. पगार घटले, हे निर्विवाद. सरकारनं सुरुवातीला आणीबाणीचे हुकूम काढले, हिस्ताद्रुत या कामगार महासंघानं संप पुकारला, आणि मगच तडजोड झाली. महागाई भत्ता काही काळ थांबला, त्या बदल्यात काही भरपाई मिळाली. पण ४४५ टक्क्यांच्या काळात भत्ता हाती पडेपर्यंत किमती पुढे गेलेल्या असत, आणि ज्यांना भत्ताच नव्हता त्यांचं काय होत असेल याचाही विचार करायला हवा.

ब्रुनोंना धारेवर धरायचं असेल तर ते व्याजदरासाठी धरा, असं मला वाटतं. महागाई खाली आली तरी व्याज चढंच राहिलं. किब्बुत्झ, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहती, कर्जात रुतले, हिस्ताद्रुतचा कूर हा अवाढव्य उद्योगसमूह दिवाळखोरीच्या काठावर गेला, १९८९ साली बेकारी ९ टक्क्यांजवळ पोचली. १९८६ ते १९९१ या काळात मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर ब्रुनोच होते. महागाई पुन्हा डोकं वर काढेल ही भीती खोटी नव्हती. तरी त्या व्याजाचा भार स्थलांतरितांसाठी वसवलेल्या विकास-वसाहतींवर, म्हणजे आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी अनेक जण राहतात त्या दिमोनासारख्या गावांवरही पडला.

म्हणून एक विनंती. आत्याला विचारून कळवाल का, की जुलैनंतर रोखलेला भत्ता पुन्हा कधी सुरू झाला, आणि गिरणीत कामगार कमी केले ते त्याच वर्षी की नंतर? त्याच वर्षी असेल तर दोष योजनेचा. नंतर असेल तर बहुधा व्याजदराचा. त्यावर मला वेगळा लेख लिहायचा आहे.