हडळीची साडी

आमच्या ग्रुपला प्रोजेक्ट मिळाला बारा मिनिटांची फिल्म, विषय कोणताही. आता कोणताही म्हटल्यावर आमच्यासारखी पोरं भूतच करणार ना, कारण भुताला डायलॉग लागत नाहीत आणि अ‍ॅक्टिंग चुकली तरी भूत आहे म्हणून खपून जातं. चौघांचे मिळून साडेतीन हजार जमले, त्यातले आठशे पहिल्याच मीटिंगला शेवभाजीत गेले. ते प्री-प्रॉडक्शनमध्ये धरले.

पंकजला मुंजा हवा होता. पण मुंजा म्हटला की पिंपळ आला, आणि आमच्या गावच्या पिंपळाच्या पारावर रात्री बारापर्यंत पत्ते चालतात. चकवा फुकटात पडतो, पण तो दिसत नाही, मग सर म्हणणार भूत कुठंय. शेवटी हडळ फायनल झाली. आजीला स्क्रिप्ट वाचून दाखवली तर तिने तिसऱ्याच ओळीला थांबवलं.

"तिना पाय उलटा शेतस ना?"

स्क्रिप्टमध्ये पायच नव्हते. म्हटलं, आजी, बजेट नाही. "मंग ती हडळ कशी?" म्हणे, आणि लसूण सोलायला लागली.

मग भूषणने आयडिया काढली (रात्रीच्या शूटिंगला मुलींच्या घरून कोण पाठवणार, म्हणून हडळ तोच). त्याने साडी मागचं पुढं करून नेसायची, विगचे केस डोक्यामागून खाली सोडायचे आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उलटं चालत यायचं. म्हणजे लांबून वाटतं बाई येतेय, तोंडावर केस आहेत आणि पाय उलटे. खरंच वाटतं हो! पांढरी साडी मावशीची आणली, गॅदरिंगला पाहिजे सांगून.

लोकेशन माझ्या काकांची केळीची बाग, यावल साइडला. जानेवारीची थंडी, पानांवरून दव टपटप मोबाईलवर. धुक्यासाठी मशीन परवडत नव्हतं म्हणून कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, आणि पेटवल्याच आहेत तर बामणोदची वांगी भाजून घेऊ असं कोणीतरी म्हणालं, तिथून शूटिंग दोन तास लेट. धूर मागून लाईट मारला तरच दिसतो, म्हणून मागे बाईक लावली. आता ही बाईक जुनी, इंजिन बंद केलं की हेडलाईट गुल. त्यामुळे आमची हडळ फटफटीच्या आवाजात येते. मालेगावच्या हौशी फिल्मवाल्यांनी बैलगाडीवर कॅमेरा चढवून क्रेन शॉट घेतले, त्यांच्यापुढे आपण काय रडायचं, म्हटलं आवाज डबिंगमध्ये बघू.

पहिला टेक. भूषण उलटा चालत आला आणि ड्रिपच्या नळीत अडकून पडला. दुसरा टेक, दुसरी नळी. तिसऱ्याला आधाराला केळीचं पान धरलं तर ते देठातून मोडलं आणि हा पानासकट खाली.

चौथा टेक जमत आला होता. धूर मस्त पसरलेला, हडळ झुलत येतेय, माझ्याच अंगावर काटा. तेवढ्यात हडळीच्या पलीकडून बॅटरीचा झोत आला. शेजारच्या बागेतले बाबा, मफलर गुंडाळलेले. त्या आठवड्यात मोटरची लाईट रात्रीची होती, आणि ज्याला रात्री दोनला पाणी भरायचंय तो हडळीला काय घाबरणार. त्यांनी बॅटरी सरळ भूषणच्या तोंडावर मारली. पांढरी साडी, कपाळाला पावडर, खाली मिशी. दोन सेकंद बघितलं.

"लाईट उनी का रे भो?"

"नाही बाबा," हडळ म्हणाली.

बाबा मग भरितावर बसले. मिरच्या कमी पडल्या म्हणाले. सकाळी चारपर्यंत त्यांनी अशा खऱ्या हडळीच्या गोष्टी सांगितल्या की पंकज एकटा बाईकपर्यंत जायला तयार होईना, आणि आमच्या स्क्रिप्टची आम्हालाच लाज वाटायला लागली.

सरांनी फिल्म बघितली, बाबांचा सीन दोनदा लावायला लावला आणि विचारलं की कॉमेडी करायची होती तर सिनॉप्सिसमध्ये थ्रिलर का लिहिलं. पास केलं पण.

साडी मात्र राहिलीच. केळीचा चीक लागला की डाग सुकून काळपट होतो आणि तो मग निघत नाही. लिंबू, रॉकेल, साबण सगळं झालं. रविवारी घडी घालून, डाग आतल्या बाजूला घेऊन, मावशीला नेऊन दिली. जळगाव जिल्ह्यातली बाई, तिने घडी उलगडली, डागावरून बोट फिरवलं.

"हा केळीचा चीक आहे ना?"

"हो मावशी."

"गॅदरिंग बागेत होतं का?"

"नाही."

"मग रात्री बागेत ही साडी कोणी नेसली होती?"

मी म्हटलं, भूषणने. आणि मावशीने आईला फोन लावला.