राज्य : अलास्का

"मालक बोलताय का? मग त्या बाईंना द्या जरा."

दुपारी अडीच वाजता, जेवण आटोपून गल्ल्यामागे जरा डोळा लागतोय न लागतोय तोच ठाण्याहून आलेल्या फोनवरचं हे पहिलं वाक्य. कुडाळात माझं कोकणी मेव्याचं दुकान आहे. कोकमाचं आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ, तिरफळं. माणसं म्हणाल तर मी, बायको आणि शाळेला सुट्टी असली तर भाचा. त्यामुळे साहजिकच मी विचारलं, "कुठल्या बाई?"

"सोनेरी केसांच्या. तुमच्या वेबसाइटवर 'आमची टीम'मध्ये दुसऱ्या नंबरवर. ग्राहकसेवा प्रमुख. निळा कोट आहे. चेहऱ्यावरून कामसू वाटल्या."

"त्या नाहीत."

"जेवायला गेल्या असतील. मी थांबतो."

मी समजावून सांगितलं, की काका, त्या बाई आमच्या नव्हेत. साईट करणाऱ्या मुलाने कुठून तरी तयार साचा आणला, त्याबरोबर त्या आल्या. त्या कोण, कुठल्या, मलाही ठाऊक नाही.

"मग ते पहिले दाढीवाले गृहस्थ?"

"तेही साच्यातले."

"तुम्ही कितवे?"

"मी त्यात नाहीये."

"अच्छा," ते म्हणाले, आणि पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. माझ्या पोटात तेव्हाच गोळा यायला हवा होता. फोनवर बोलता बोलता लिहून घेणारा माणूस एक तर इन्कम टॅक्सचा असतो, नाही तर पोस्टातून रिटायर झालेला. हे दुसरे निघाले. उमेदवारी सॉर्टिंगमध्ये, निवृत्ती पोस्टमास्तर म्हणून.

"नंबर कसा मिळवला ते तरी विचारा."

मी विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं. आमच्या पहिल्या पानावर फोटो आपोआप सरकतात आणि दुकानाचा नंबर त्यातल्या एका फोटोत रंगवलेला आहे. म्हणजे बोट लावलं तर फोन लागत नाही, कॉपी करायला गेलं तर होत नाही. "चार आकडे लिहून होतात तोवर चित्र जातं. मग कोकम येतं, मग फणस, मग समुद्र, मग परत तुमचा नंबर. पुढचे तीन घेतले. तेवढ्यात ही चहा घेऊन आली, एक फेरी हुकली. आणि ते कोकम नाहीये बरं का. आलुबुखार आहे."

हे मात्र मला झोंबलं. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला जीआय मानांकन आहे, आणि माझ्याच दुकानाच्या पाटीवर आलुबुखार. मी त्या मुलाला तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "दादा, कलर मॅच होतोय."

"बरं, तुम्हाला हवंय काय?" मी विचारलं.

"आगळाच्या दोन बाटल्या. ऑर्डर दिलीय मी. पैसे माल मिळाल्यावर. अजून पत्ता नाही."

"काका, मला ऑर्डर आलीच नाही."

"येईल कशी? अलास्काला गेली असेल."

इथे मी उठून बसलो.

झालं होतं असं, की पत्ता भरताना 'राज्य निवडा' असं येतं. यादी उघडली तर अलाबामा. खाली अलास्का, ॲरिझोना. महाराष्ट्र शोधत काका 'एम'पर्यंत गेले. "लुइझियाना संपलं की मेन. मध्ये बरोब्बर महाराष्ट्राची जागा, पण महाराष्ट्र नाही. म्हटलं खाली असेल. मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन. पार वायोमिंगपर्यंत जाऊन आलो. नातू म्हणाला, आजोबा, काहीही टाका, त्याशिवाय पुढे सरकणार नाही. मग मी अलास्का टाकलं."

"अलास्काच का?"

"थंड प्रदेश. माल टिकेल."

यावर काय बोलणार? नुसतं मीठ घातलेलं आगळ कुडाळच्या उन्हाळ्यातही टिकतं एवढं मी पुटपुटलो, पण ते पुढे निघून गेले होते.

"राज्याचं मी सोडून देईन. पिनचं नाही सोडणार. मी टाकला ४००६०१. तर शेवटचा एक घेईना. लाल रेघ. म्हणे पाच आकडी झिप टाका. अहो, पाच आकडी झिप अमेरिकेचा! १९६३ साली आणला त्यांनी. आपला पिन सहा आकडी. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन धरलेत की सॉर्टिंगचा जिल्हा. आणि शेवटचे तीन म्हणजे माल वाटणारं पोस्ट ऑफिस. त्यातला शेवटचा तुम्ही कापलात, म्हणजे माझं ऑफिसच कापलंत की हो!"

त्यांचा आवाज चढला होता. मी फोन कानापासून जरा लांब धरला, तर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जायला लागलं. पर्यटक होता, हातात फणसपोळीची दोन पाकिटं, सुटे पैसे मोजत उभा.

"वेलणकर ठाऊक आहेत तुम्हाला? श्रीराम भिकाजी वेलणकर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला तो त्यांनी बसवलेला. संस्कृतचे पंडित, संस्कृतात नाटकं लिहायचे, आणि नोकरी आमच्या पोस्टात. आपला माणूस! एका नावाची छप्पन्न गावं, पत्ते नाही नाही त्या लिप्यांत, त्यातून सहा आकड्यांत वाट काढून दिली त्यांनी. आणि तुम्ही साठ रुपयांच्या आगळासाठी..."

"एकशे ऐंशी."

"एकशे ऐंशी रुपयांच्या आगळासाठी एक आकडा खाताय."

मला वेलणकरांचं खरंच ठाऊक नव्हतं. एरवी कुणी सांगितलं असतं तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकलं असतं. पण पर्यटकाने घड्याळ बघितलं, पाकिटं परत बरणीवर ठेवली, आणि गाडीची वेळ झाली असं खुणेने सांगून तो गेला. पुरे पैसे मोजून झालेला माणूस गेला.

"आता 'आमच्याविषयी' वाचतो," काका म्हणाले.

"नको."

"लोरेम इप्सम डोलोर सिट अमेट." त्यांनी ते पोथीच्या चालीत, प्रत्येक शब्दावर थांबत, आख्खा परिच्छेद वाचला. साच्यातला भरताड मजकूर, जागेवर खरा मजकूर टाकायचा असतो. मी माझ्या आजोबांपासूनचं सगळं हाताने लिहून, फोटो काढून त्या मुलाला पाठवलं होतं. ते कुठे गेलं देव जाणे.

"लॅटिन आहे. नातवाने शोधून काढलं. सिसेरोच्या ग्रंथाची मोडतोड. इसवी सनापूर्वी ४५."

"हो का."

"म्हणजे दुकान बरंच जुनं आहे तुमचं."

ते हसले नाहीत. टोमणा होता की नोंद, हे मला अजून कळलेलं नाही, आणि खरा राग त्याचाच आहे.

शेवटी मी त्यांचा पत्ता फोनवर लिहून घेतला, सहाच्या सहा आकड्यांनिशी, आणि दोन बाटल्या गुंडाळून पाठवल्या. पोस्टानेच. कुरिअरचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

मग त्या मुलाला फोन लावला. तो आता पुण्याला नोकरीला आहे. चांगला मुलगा, आमच्या ओळखीतलाच, आणि हीच तर पंचाईत. परक्याला शिव्या घालता येतात. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद, पर्यटक बंद, आणि जो तो सांगत होता, ऑनलाइन जा. तेव्हा बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या साईट यानेच केल्या. सगळीकडे त्याच सोनेरी केसांच्या बाई ग्राहकसेवा बघतात. कापड दुकानातही त्याच, खतांच्या दुकानातही त्याच.

"फॉर्मचे मेल जातात कुठे?" मी विचारलं.

"जुन्या जीमेलवर, दादा. टेस्टिंगसाठी माझा टाकला होता, तो राहिला."

त्याने तो उघडला. आत बरंच काही पडलेलं. कोल्हापूरच्या एका हॉटेलाला दर महिन्याला आगळ हवं होतं, घाऊक. मुंबईच्या कुणाला लग्नात वाटायला काजू हवे होते. ते लग्न होऊन त्यांना आता मूलबाळही झालं असेल. आणि न्यू जर्सीच्या एका ताई. साऱ्या गठ्ठ्यात त्यांचाच फॉर्म बिनचूक भरलेला, राज्य बरोबर, झिप बरोबर. त्यांना विचारायचं होतं, की दापोलीला आईकडे पाठवाल का.

मी इतके दिवस समजत होतो, की ऑनलाइन आपल्याला गिऱ्हाईक नाही.

आणि हे एवढंच असतं तर. साईट उघडली की वर 'सुरक्षित नाही' असं येतं. क्रोम २०१८ च्या जुलैपासून तसं दाखवतो, कारण कुलूपवालं प्रमाणपत्र नाही. डोंबिवलीच्या माझ्या मावशीच्या शेजारणीने त्यावरून मला फ्रॉड ठरवलं, तोही सोसायटीच्या ग्रुपवर. हे प्रमाणपत्र फुकट मिळतं, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था देते, नव्वद दिवसांचं, आणि ते आपोआप नवं होईल अशी सोय करता येते. माझ्या बिलात दर वर्षी 'सुरक्षा शुल्क' लागतं. साईटचं नावही त्या मुलाच्याच नावावर घेतलेलं. म्हणजे पाटी माझी, खिळे त्याचे.

वर ते फोटो. कॅमेऱ्यातून निघाले तसे, न आटवता चढवलेले. गुगलनेच २०१६ साली सांगितलं होतं, की मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर ५३ टक्के लोक सोडून जातात. आमचं पान उघडेस्तोवर आमसूल भिजतं. कोकणातल्या माणसाचं एक वेळ ठीक आहे, आम्ही महामार्गाचं काम २०११ पासून बघतोय, थांबायची सवय आहे. पण बाहेरच्याने का थांबावं? दुकानात येणारा निदान पाव तास सरबताची चव घेतो, दोन-तीन लोणची चाटतो, आणि मग काही न घेता जातो. त्यात एक माणुसकी असते.

हे सगळं मी त्या मुलाला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. रात्री मेसेज आला.

"दादा, फोटो लहान करून देतो, त्याचे नकोत. मेल पण बदलतो. राज्यांची यादी आणि पिन मात्र कस्टमायझेशनमध्ये जातं, त्याचे वेगळे पडतील. रिन्यूअल याच महिन्यात आहे, एकदमच करून टाका."

मी लिहिलं, "महाराष्ट्र घालायचे पैसे?"

"एकटा महाराष्ट्र की सगळी राज्यं? रेट राज्याप्रमाणे आहे."

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गोवा पण घाल म्हणावं. जवळ आहे."