ऑटो क्लच लावला म्हणून डर्ट बाईकची स्कूटी होत नाही

पाऊस लागला की कोकणातल्या बाईकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर दरवर्षी नव्याने उगवतो, वारुळावरच्या अळंब्यांसारखा. त्याचा सारांश असा : ‘डर्ट बाईकला ऑटो क्लच लावला की तिची स्कूटी होते. गिअरचं काम उरत नाही, प्लेटा महिन्याभरात जळतात, इंजिन ब्रेक जातो, पुढचं चाक उचलता येत नाही. नवशिक्यांचं खेळणं आहे, शर्यतीतला माणूस हे लावत नाही.’

डर्ट बाईक म्हणजे चिखल-कातळावर चालवायची हलकी मोटारसायकल, आणि ऑटो क्लच म्हणजे लिव्हर न ओढता इंजिनच्या गतीप्रमाणे आपोआप लागणारा-सुटणारा क्लच. वरच्या मजकुरातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. गंमत अशी की ऑटो क्लचला खरे दोष आहेत, आणि त्यातले दोन तर घाटीत हाड मोडतील असे आहेत. मजकुरात नेमका त्यांचाच पत्ता नाही.

‘स्कूटी होते, गिअरचं काम उरत नाही’

स्कूटरमध्ये बेल्ट आणि दोन पुल्या असतात, आणि वेगाप्रमाणे गुणोत्तर आपसूक बदलत जातं. डर्ट बाईकच्या ऑटो क्लचमध्ये यातलं काहीच नसतं. गिअरबॉक्स तीच, गिअर तेवढेच, बदलायचे पायानेच. बदलतो तो तेलात बुडालेल्या क्लचच्या प्लेटांच्या गठ्ठ्यातला एखादा थर.

अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या रेक्लूस कंपनीचं उदाहरण घेऊ. २००२ पासून ती हेच काम करते. तिची ईएक्सपी डिस्क म्हणजे दोन पातळ पोलादी कड्या, त्यांच्यामध्ये पाचरी आणि पाचरींना आत धरून ठेवणाऱ्या बारक्या स्प्रिंगा. इंजिन आयडलवर (थ्रॉटल सोडून नुसतं चालू) असताना पाचरी आत असतात आणि डिस्क पातळ असते. गठ्ठ्यात फट राहते, त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्येही जागेवर उभी राहते. रेस वाढली की पाचरी बाहेर फेकल्या जातात आणि उतरत्या खाचेवर चढतात. डिस्क जाड होते, फट भरून निघते आणि गठ्ठा दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिच्या स्प्रिंगांच्या विरोधात किंचित उचलली जाते. क्लच लागला. डावं लिव्हर जागच्या जागी असतं. ओढलं की क्लच नेहमीसारखा सुटतो.

म्हणजे या यंत्राचं काम एकच : इंजिन बंद पडू न देणं. जुलैतल्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) याचा अर्थ लगेच कळतो. काळ्या शेवाळलेल्या कातळावर मागचं चाक आधी घसरतं, मग उघड्या जांभ्यावर एकदम पकडतं, आणि त्या झटक्याला इंजिन दम टाकतं. व्हाळ ओलांडताना सायलेन्सर पाण्यात असतो. तिथे गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करणं हे वेगळंच प्रकरण होतं.

होंडाचा ई-क्लच किंवा आफ्रिका ट्विनमधली डीसीटी यांचे फोटो या मजकुराला चिकटवलेले असतात. ई-क्लचमध्ये क्लच ओढायचं काम मोटारी करतात, डीसीटीत दोन क्लच असतात आणि गिअरही गाडीच बदलते. इथे त्यांचा संबंध नाही.

‘प्लेटा महिन्याभरात जळतात’

जळतात, हे खरं. पण का जळतात ते मजकूर सांगत नाही, आणि सगळं त्यातच आहे.

साध्या क्लचवर चुकीच्या गिअरमध्ये चढ घेतला की गाडी धक्के देते आणि बंद पडते. ही शिक्षाही असते आणि इशाराही. ऑटो क्लच शिक्षा काढतो, त्याबरोबर इशाराही जातो. तिसऱ्या गिअरमध्ये पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढण) चढायला लागलात तरी गाडी तक्रार करत नाही. क्लच अर्धवट लागलेला राहतो, प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, तेल तापतं आणि वर बसलेल्याला वाटतं, काय मस्त ओढतेय! खाली उतरल्यावर करपल्याचा वास येतो. कव्हर उघडलं की पोलादी प्लेटा निळ्या पडलेल्या दिसतात आणि घर्षणाच्या प्लेटा काचेसारख्या चकचकीत. म्हणून नियम एकच. रेस देऊनही त्या मानाने गाडीचा वेग वाढत नसेल तर गिअर खाली घ्या. चढाला पहिला किंवा दुसरा. साध्या क्लचपेक्षा एक गिअर खालीच चालवायची सवय लावली तर प्लेटा टिकतात.

दुसरं कारण बसवण्यात असतं, आणि गॅरेजात सर्वांत जास्त चूक इथेच होते. या क्लचमध्ये केबलचा अ‍ॅडजस्टर (हायड्रॉलिक गाडीत स्लेव्ह सिलिंडरचा स्क्रू) प्रेशर प्लेट थोडी उचलून धरतो, आणि त्यातूनच गठ्ठ्यातली फट ठरते. नेहमीच्या सवयीने ‘लिव्हरला प्ले फार आहे’ म्हणून केबल ताणली, तर फट वाढते. मग डिस्क पूर्ण फुगूनही प्लेट पुरेशी उचलली जात नाही, दाब कमी पडतो आणि क्लच सरकतो. उलट केबल फार ढिली ठेवली तर फट कमी होते, आयडलवरच गाडी पुढे सरकायला लागते आणि ब्रेक दाबून थांबवली की बंद पडते. म्हणजे ज्या कामासाठी पैसे घातले तेच होत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी दोन-तीन मिनिटं गरम करा, न्यूट्रलमध्ये ठेवा. जाडसर रबरबँड लिव्हरच्या टोकाभोवती आणि मुठीभोवती अडकवा. आयडलवर लिव्हर बाहेरच राहायला हवं. आता झटकन रेस द्या. प्रेशर प्लेट उचलली गेली की केबल सैल पडते आणि रबर लिव्हरला आत ओढतं. टोकाशी ही हालचाल साधारण ३ मिमी हवी. कमी असेल तर फट जास्त आहे, अ‍ॅडजस्टर ढिला करा. जास्त असेल तर उलट. गाडी तापली की गठ्ठा फुगतो, म्हणून थंड गाडीवर ही तपासणी करून उपयोग नाही. प्रत्येक वेळी बाहेर पडण्याआधी एकदा करा, तेवढ्या वेळात चहाही होत नाही.

बसवण्याच्या पायऱ्या :

आधी गाडी नीट धुवा. तांबडी माती कव्हरच्या बोल्टांभोवती सिमेंटसारखी बसते आणि उघडताना आत पडते. गाडी डाव्या कुशीवर आडवी केली तर तेल न काढताही कव्हर उघडता येतं. ब्रेक पेडल आड येत असेल तर ते सोडवा. घर्षणाच्या नव्या प्लेटा इंजिनच्याच तेलात किमान ५ मिनिटं भिजवून ठेवा. प्लेटा ज्यात बसतात त्या क्लच बास्केटच्या बोटांवर खाचा पडल्यात का ते नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर प्लेटाही अडकणार. साध्या क्लचवर हाताचा जोर ते लपवतो, ऑटोवर मात्र गाडी झटक्याने लागते. हलक्या खाचा कानशीने घासून निघतात, खोल असतील तर बास्केट बदला. प्लेटांचा क्रम किटच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवा, ‘अंदाजे’ नको. कव्हरचे सहा नंबरी बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला कसा. जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. मग न्यूट्रलमध्ये दहा-एक वेळा रेस वर-खाली करा, दर वेळी आयडलपर्यंत पूर्ण खाली येऊ द्या. पाचरी बसल्या की मगच रबरबँडची तपासणी.

तेल जासो एमए किंवा एमए२ खुणेचंच (तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचसाठीच्या मानकाचं) घाला. मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ओल्या क्लचला मारक ठरतात. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि इंजिन एकाच तेलात असल्याने प्लेटांची झिजही त्याच तेलात फिरते, तेव्हा बदलायची मुदत पुढे ढकलू नका. आणि जादा पोलादी प्लेटा घरात ठेवायच्या असतील तर तेल लावून, पिशवीत बंद करून ठेवा. खारा वारा त्यांना एका पावसाळ्यात तांबवतो.

‘इंजिन ब्रेक जातो’

अर्धं खरं. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच चाकाला जो आवर घालतं, तो इंजिन ब्रेक. इंजिनची गती क्लच सुटण्याच्या आकड्यापेक्षा वर आहे तोवर इंजिन ब्रेक साध्या गाडीसारखाच लागतो. गती त्याखाली गेली की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. घात होतो तो उताराच्या तोंडावर : माणूस थांबतो, वाट बघतो आणि आयडलवरच गाडी खाली सोडतो. क्लच लागलेलाच नसतो, त्यामुळे इंजिन ब्रेक शून्य. उपाय एवढाच की सोडताना क्षणभर थ्रॉटल पिळायचं. क्लच लागतो, आणि पुढे चाकच इंजिनाला फिरवत ठेवत असल्याने लागलेला राहतो. मधेच गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली तर पुन्हा एक हलकी पीळ.

बदल्यात मिळतं काय? मुरमाड उतारावर मागचा ब्रेक जोरात दाबून चाक अडकलं तरी इंजिन चालू राहतं. साध्या गाडीवर अशा वेळी लिव्हर ओढायला विसरलात की इंजिन बंद. सौदा फायद्याचा की तोट्याचा हे उतारावर अवलंबून आहे. लांब, सलग उतारावर साधा क्लच बरा. वळणावळणाच्या, दगडगोट्यांच्या उतारावर ऑटो.

क्लच कुठल्या गतीला लागावा हे आतल्या स्प्रिंगा बदलून ठरवता येतं. इथल्या चिखलाला आणि कातळाला लवकर लागणारी जोडी सोयीची पडते. आयडल मात्र त्याखाली हवं, नाहीतर गाडी उभीच राहायची नाही.

‘पुढचं चाक उचलता येत नाही’

लिव्हर ओढा, रेस द्या, सोडा. उचलतं. फक्त लिव्हर न वापरता थ्रॉटलवरच उचलायला गेलं तर झटका किंचित मऊ येतो, एवढाच फरक. बंद चिरेखाणीत मालकाला विचारून सराव करणाऱ्यांनी चिऱ्याच्या पायरीवर हे करून बघावं.

‘नवशिक्यांचं खेळणं, शर्यतीत कोणी लावत नाही’

आपोआप लागणारा क्लच १९५८ च्या होंडा सुपर कबमध्ये होता. १९७२ पासून आपल्याकडे लुना धावली, तीही केंद्रोत्सारी (फिरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या भागांवर चालणाऱ्या) क्लचवर, आणि आज बंदरावरून मासळीच्या टोपल्या चढावर ओढणाऱ्या टीव्हीएस एक्सएल मोपेडमध्येही तेच तत्त्व आहे. तत्त्व साधं आहे म्हणून ते खेळणं ठरत नाही.

शर्यतीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या जीएनसीसी या जंगलातल्या शर्यतींच्या मालिकेत सुरुवात बंद इंजिनाने होते. झेंडा पडला की गाडी सुरू करून निघायचं. ऑटो क्लचवर ती गिअरमध्येच सुरू होते आणि डावा हात हँडलवरच राहतो. दोन-तीन तासांच्या जंगलातल्या शर्यतीत लिव्हरचं ओढणं कमी झालं की हाताचा पुढचा भाग दगडासारखा कडक होणंही लांबतं. मोटोक्रॉसच्या छोट्या, वेगवान ट्रॅकवर एवढा फायदा नाही, हे मान्य. आणि तुमच्या स्पर्धेत चालतो की नाही हे त्या स्पर्धेच्या नियमावलीत बघा, गटावर विचारू नका.

नवशिक्याला मात्र आमचा सल्ला मजकुराच्या निष्कर्षाशी जुळतो, कारण निराळं आहे. किट काही शे डॉलरचं, त्यावर सीमाशुल्क. तेवढ्यात चांगले टायर येतात आणि सस्पेन्शन वजनाप्रमाणे सेट होतं. पहिलं वर्ष डाव्या हाताला शिकू द्या.

मजकुरात नसलेले दोष

इंजिन बंद असताना हा क्लच सुटलेलाच असतो. त्यातून तीन गोष्टी निघतात.

चढावर गाडी बंद पडली तर गिअर तिला धरून ठेवत नाही, ती मागे घरंगळते. उजवा पाय जमिनीवर टेकलेला असेल तर मागचा ब्रेकही हाताशी नसतो. म्हणून पुष्कळजण डाव्या मुठीवर मागच्या ब्रेकचं वेगळं लिव्हर बसवतात. ऑटो क्लच घेणार असाल तर हे त्याच हिशेबात धरा.

ढकलून सुरू करता येत नाही. नव्या अनेक एंड्युरो (रानवाटांच्या लांब शर्यतींच्या) गाड्यांना किकही नसते, तेव्हा सड्यावर बॅटरी मेली की संपलं. छोटा लिथियम जंपस्टार्टर पिशवीत असू द्या, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून.

आणि सर्वांत धोक्याची गोष्ट : गिअरमध्ये आयडलवर उभी असलेली गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखीच दिसते. खळ्यात उभ्या गाडीचं थ्रॉटल पोराने गंमत म्हणून पिळलं तर ती सरळ गडग्यात जाते, पोरासकट. उतरताना इंजिन बंद करायचंच, दोन मिनिटांसाठी उतरत असाल तरी.

नेआण करतानाही हे विसरू नका. या गाड्या रस्त्यावर चालवायच्या नसतात, पिकअपमधूनच जातात. गिअरमध्ये टाकून फळीवर चढवलेली गाडी हात सुटला की मागे येते, म्हणून चढवताना पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला रबरी पट्टा आवळा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या जंगलजेटीवर पिकअप उताराने बोटीत शिरतो तेव्हा हँडलच्या दोन्ही बाजूंचे पट्टे पुढच्या शॉकअपला निम्म्यापर्यंत दाबून बांधलेले हवेत आणि मागच्या चाकाला एक आडवा पट्टा. गिअरच्या भरवशावर राहू नका.